ग्रंज संगीताचा इतिहास आणि धंद्याचा धडा: नाव गाजलं, पण पैसा कुणाकडे राहिला?



भूमच्या बाजारात माझं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. दुकानात एक टी-शर्ट वर्षभर चालतो. काळं कापड, त्यावर पिवळ्या रंगाचा गोल चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन फुल्या, तोंड वाकडं आणि जीभ बाहेर. वर इंग्रजीत लिहिलेलं असतं 'निर्वाणा'. घेणाऱ्या बहुतेक पोरांना वाटतं ही कपड्यांची कंपनी आहे. खरं तर तो अमेरिकेतल्या एका बँडचा शिक्का आहे. तो बँड १९९४ सालीच संपला. तरीही तीस वर्षांनंतर त्याचं नाव आपल्या तालुक्याच्या गावात विकलं जातंय.

या बँडच्या संगीताला 'ग्रंज' म्हणतात. व्हिडिओत मी त्याची गोष्ट थोडक्यात सांगितली होती. इथे सविस्तर लिहितोय, कारण यात गाण्याइतकाच धंदाही आहे. माल एका बाजूला पडलेल्या गावात तयार झाला, त्याला गावाचं नाव मिळालं, जगभर मागणी आली, आणि ज्यांनी हे उभं केलं ते मागणी येण्याच्या तोंडावरच बुडायला आले होते. ते कसे वाचले, हे आज आपल्याला शिकायचं आहे.

ग्रंज म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत या शब्दाचा साधा अर्थ मळ, घाण. संगीतात बघायचं तर पंक आणि हेवी मेटल या दोन प्रकारांची ही सरमिसळ. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केलेला, गाणारा कधी पुटपुटतो, कधी ओरडतो, आणि विषय म्हणजे एकटेपणा, राग, कंटाळा. कपडे साधे. थंडीमुळे घालायचे जाड चौकड्याचे शर्ट आणि जुन्या जीन्स. त्याआधीच्या रॉक बँडांचा चकचकीत मेकअप आणि झगमग यांच्या बरोबर उलट.

हे सगळं घडलं सिएटल शहरात आणि आसपास. अमेरिकेच्या नकाशात अगदी वर, डाव्या कोपऱ्यात. तिथून लॉस एंजेलिस रस्त्याने सुमारे १,८०० किलोमीटर. त्यामुळे मोठे बँड दौऱ्यावर निघाले तरी बऱ्याचदा सिएटलला फाटा द्यायचे. बोइंग ही विमान कंपनी तिथली मोठी रोजगार देणारी. १९६७ च्या सुमाराला तिच्याकडे त्या भागात १ लाखाच्या आसपास कामगार होते, १९७१ मध्ये ते ४० हजारांच्या आत आले. शेवटी जाणाऱ्याने शहरातले दिवे बंद करून जावं, असा फलक तेव्हा रस्त्याच्या कडेला लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, "सर, हे तर आपल्यासारखंच झालं." बरोबर. मोठं मार्केट लांब, कामधंदा कमी आणि बाहेरचा कुणी ढुंकून बघत नाही. पण याचा एक फायदाही झाला. बाहेरून कुणी येत नाही म्हटल्यावर तिथल्या पोरांनी आपल्याच पोरांसाठी वाजवायला सुरुवात केली. १९८४ मध्ये ग्रीन रिव्हर हा बँड निघाला. १९८६ मध्ये सी/झी रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने 'डीप सिक्स' नावाची रेकॉर्ड काढली, त्यात तिथल्या सहा बँडांची गाणी होती: ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, साउंडगार्डन, मॅलफंक्शन, स्किन यार्ड आणि यू-मेन. म्हणजे माल तयार होता. विकणारा हवा होता.

धडा १: आधी ओळख, मग कंपनी

ब्रूस पॅव्हिट हा कॉलेजचा पोरगा. १९८० मध्ये त्याने ऑलिंपिया या गावातून एक छोटं मासिक सुरू केलं, 'सबटेरेनियन पॉप'. लहान शहरांतल्या, कुणी दखल न घेतलेल्या बँडांबद्दल तो लिहायचा. काही अंकांच्या जागी तो त्या बँडांची कॅसेटच द्यायचा. नंतर सिएटलला येऊन त्याने रेकॉर्डचं दुकान चालवलं, तिथल्या 'द रॉकेट' या मासिकात सदर लिहिलं आणि रेडिओवर कार्यक्रम केला. १९८६ मध्ये पहिली रेकॉर्ड काढली. मग जॉनथन पोनमन हा दुसरा रेडिओवाला भेटला आणि १९८८ मध्ये दोघांनी नोकऱ्या सोडून 'सब पॉप' ही कंपनी रीतसर सुरू केली.

तारखा नीट बघा. १९८० ते १९८८. आठ वर्षं हा माणूस गिऱ्हाईक ओळखत होता. कोण काय ऐकतो, कुठल्या गावात कोण दुकानदार आहे, कोण पैसे वेळेवर देतो, हे सगळं त्याला कंपनी काढण्याआधी माहीत होतं. आपल्याकडे बरेच जण आधी फर्निचर करतात, फ्लेक्स लावतात, फीत कापतात आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघतात. आधी चार महिने घरून माल विका. कोण परत येतो ते वहीत लिहा. ती वही तुमची खरी गुंतवणूक आहे.

धडा २: थोडा माल, रोख पैसे

सब पॉपने सुरुवातीला मोठे आकडे केले नाहीत. नोव्हेंबर १९८८ मध्ये निर्वाणाची पहिली छोटी रेकॉर्ड आली, तिच्या फक्त १,००० प्रती काढल्या आणि त्यावर हाताने क्रमांक टाकले. त्याच रेकॉर्डपासून त्यांनी 'सिंगल्स क्लब' सुरू केला. वर्गणी आधी भरायची, मग दर महिन्याला एक रेकॉर्ड घरी पोस्टाने येणार. काय गाणं येणार हे गिऱ्हाइकाला आधी माहीत नसायचं, तरी लोक पैसे भरायचे, कारण निवडणाऱ्यावर विश्वास होता.

उत्पादन खर्चही असाच. जॅक एंडिनो नावाच्या माणसाच्या साध्या स्टुडिओत निर्वाणाचा पहिला अल्बम 'ब्लीच' तयार झाला. खर्च किती? ६०६ डॉलर आणि १७ सेंट. ते पैसेही बँडच्या एका मित्राने भरले आणि त्या बदल्यात त्याचं नाव अल्बमवर आलं, जरी त्याने त्यात वाजवलेलं नव्हतं. जून १९८९ मध्ये बाजारात आलेल्या या अल्बमच्या पुढच्या दोन वर्षांत सुमारे ४० हजार प्रती गेल्या.

आपल्याकडे हे आगाऊ वर्गणीचं गणित सहज बसतं. समजा एखादी ताई उन्हाळी वाळवणं करते. कुरडई, पापड, शेवया असा डबा तिने मार्च ते मे दर महिन्याला द्यायचा ठरवला आणि पैसे फेब्रुवारीतच घेतले, तर गहू-उडदासाठी सावकाराकडे जायची वेळ येत नाही. तीस घरं पुरेशी आहेत. फक्त एक अट: पहिला डबा असा पाहिजे की दुसऱ्याची वाट बघितली जाईल.

धडा ३: माणसापेक्षा गावाचं नाव पुढे करा

इथे सब पॉपची खरी हुशारी दिसते. त्यांच्याकडे कुणी मोठा कलाकार नव्हता. मग त्यांनी एकेका बँडपेक्षा 'सिएटलचा आवाज' विकायला काढला. सगळ्या रेकॉर्डची बांधणी एकसारखी. चार्ल्स पीटरसन या फोटोग्राफरचे काळे-पांढरे, धावपळीचे, केस उडणारे फोटो. दुकानात लांबून बघितलं तरी कळायचं की माल सब पॉपचा आहे. 'ग्रंज' हा शब्द काही त्यांनी शोधला नव्हता, पण १९८७ मध्ये ग्रीन रिव्हरच्या रेकॉर्डची जाहिरात करताना त्यांनी तो वापरला आणि तो चिकटला.

पुढे १९८९ च्या सुरुवातीला त्यांनी इंग्लंडच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या एव्हरेट ट्रू या पत्रकाराला सिएटलला आणलं. त्याने इंग्लंडमध्ये जाऊन लिहिलं, तिकडे गाजावाजा झाला, आणि मग अमेरिकेतल्या लोकांना वाटलं, अरे, आपल्याकडे असं काही आहे! गावातल्या माणसाची किंमत गावाला बाहेरून कळते, हा अनुभव आपल्यालाही आहे.

धडा ४: एक कागद कंपनी वाचवतो

आता मुख्य मुद्द्यावर येतो. नाव होत होतं, पण पैसा? कंपनी सुरू करताना त्यांनी सुमारे ४३ हजार डॉलर उभे केले होते. ते महिनाभरात संपले. मोठं दिसायच्या नादात खर्च वाढला. वितरकाकडून पैसे उशिरा यायचे, छापखान्याचे मात्र आधी द्यावे लागायचे. १९९१ पर्यंत कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. आमच्याकडे पैसे नाहीत हे कितीदा सांगायचं, अशा अर्थाचा टी-शर्ट त्यांनी स्वतःच छापला होता! हसू येतं, पण ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना आलं नसेल.

आणि नेमकं तेव्हाच निर्वाणा त्यांना सोडून गेफेन या मोठ्या कंपनीकडे गेला.

इथे गोष्ट संपली असती. पण एक कागद होता. सब पॉपचे बहुतेक व्यवहार तोंडी चालायचे. १९८९ मध्ये निर्वाणानेच हट्ट धरला होता की आमच्याशी लेखी करार करा. कंपनीने केला. त्यामुळे बँडला जायचं होतं तेव्हा गेफेनला सब पॉपशी बोलावं लागलं. ठरलं असं: सब पॉपला एकरकमी पैसे, पुढच्या अल्बमच्या विक्रीवर छोटा टक्का, आणि अल्बमवर सब पॉपचं बोधचिन्ह.

२४ सप्टेंबर १९९१ रोजी 'नेव्हरमाइंड' बाजारात आला. मोठ्या कंपनीचा अंदाजही बेताचाच होता, अमेरिकेत पहिल्या खेपेला ५० हजारांपेक्षा कमी प्रती पाठवल्या होत्या. जानेवारी १९९२ मध्ये हा अल्बम मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे टाकून अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. आजपर्यंत जगभरात त्याच्या सुमारे ३ कोटी प्रती विकल्या गेल्या आहेत. त्या छोट्या टक्क्याने सब पॉपला बुडण्यापासून वाचवलं. १९९५ मध्ये कंपनीचा ४९ टक्के हिस्सा वॉर्नरने घेतला. सब पॉप आजही सुरू आहे.

विचार करा. आठ वर्षांची मेहनत, चांगला माल, जगभर नाव. पण वेळ आली तेव्हा उपयोगी पडला तो बँडच्या हट्टाने लिहिलेला एक करार. आपल्याकडे "आपलंच माणूस आहे, लिहून काय घ्यायचं?" असं म्हणतात. मी म्हणतो, आपलं माणूस आहे म्हणूनच लिहून घ्या. तोंडी व्यवहारात पैसे जातात आणि नातंही जातं.

धडा ५: लाट आली की नक्कलवालेही येतात

१९९१-९२ मध्ये सिएटलचे चार बँड जगभर गाजले: निर्वाणा, पर्ल जॅम, साउंडगार्डन, ॲलिस इन चेन्स. मग मोठ्या कंपन्यांची माणसं करार घेऊन सिएटलभर फिरू लागली. १९९२ मध्ये 'सिंगल्स' हा सिनेमा आला. त्याच वर्षी मार्क जेकब्स या फॅशनवाल्याने ग्रंजचे कपडे मोठ्या रॅम्पवर आणले. सेकंड-हँड दुकानातला शर्ट महागड्या रेशमात शिवला गेला. कंपनीला ते पचलं नाही, त्याची नोकरी गेली.

याच काळातला एक किस्सा मी बॅचमध्ये नेहमी सांगतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ला ग्रंजवाल्यांची खास बोली छापायची होती. त्यांनी मेगन जॅस्पर या बाईंना विचारलं. त्या पूर्वी सब पॉपमध्ये फोन घ्यायच्या. बाईंनी जागच्या जागी मनाने शब्द बनवून सांगितले आणि एवढ्या मोठ्या पेपरने नोव्हेंबर १९९२ मध्ये ते खरे समजून छापले! याच मेगन जॅस्पर पुढे सब पॉपच्या प्रमुख झाल्या. मुद्दा काय, बाहेरून लाटेवर बसायला येणाऱ्याला मालाची माहिती नसते. त्याला फक्त नाव पाहिजे असतं.

आणि नाव मोठं असलं तरी विक्रीची वाट दुसऱ्याच्या हातात असेल तर काय होतं, हे पर्ल जॅमने अनुभवलं. तिकीट स्वस्त ठेवायचं म्हणून ते टिकीटमास्टर या कंपनीच्या जादा शुल्काविरुद्ध उभे राहिले, १९९४ मध्ये सरकारकडे तक्रार केली. १९९५ मध्ये चौकशी कारवाईविना बंद झाली. देशातला सगळ्यात गाजलेला बँड, पण मोठी मैदानं त्या कंपनीशी बांधलेली होती.

एक गोष्ट मात्र धड्यात बसवायची नाही, फक्त लक्षात ठेवायची. ५ एप्रिल १९९४ रोजी निर्वाणाच्या कर्ट कोबेनने आत्महत्या केली. वय २७. त्याला आजारपण होतं, नशेचा त्रास होता, आणि प्रसिद्धीचं ओझंही होतं. धंदा वाढताना माणूस आतून खचत असेल तर बॅलन्स शीटमध्ये ते दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाला कर्जाचं, धंद्याचं ओझं असह्य होत असेल तर घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. दुकान पुन्हा उभं करता येतं.

त्याच काळात आपल्या महाराष्ट्रात

सिएटलमध्ये हे चालू असताना मुंबईतही रॉक वाजत होतं. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड निघाला. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव होऊ लागला, पोरं त्याला 'आय-रॉक' म्हणायची. त्या वेळी गर्दीला परदेशी बँडांची गाणीच ऐकायची असत. रॉक मशीनने हळूहळू स्वतःची गाणी पुढे आणली, १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. 'रॉक मशीन' हे नाव जगातल्या कुठल्याही शहरात चाललं असतं. 'इंडस' म्हणजे सिंधू, त्यात आपला पत्ता आहे.

मंच होता, वाजवणारे होते, ऐकणारेही होते. पण सगळ्यांना एका नावाखाली बांधून, वर्गणी घेऊन, गावोगावी माल पोचवणारं सब पॉपसारखं दुकान तिथे उभं राहिलं नाही. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रमही बंद पडले. 'मुंबईचा आवाज' म्हणून जगाने मागणी करावी अशी ओळख त्या संगीताला मिळाली नाही. गुणवत्ता आणि गर्दी असूनही मधला विकणारा नसेल तर असं होतं.

मग भूमकरांनी काय घ्यायचं?

आपला 'सिएटलचा आवाज' म्हणजे खवा. आपल्या तालुक्यात पावसाचा भरवसा नाही, म्हणून दुधावर घरं चालतात आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र आपल्याच तालुक्यात. तिथल्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. ही मोठी गोष्ट आहे. पण सिएटलची गोष्ट वाचल्यावर पुढचा प्रश्न पडला पाहिजे: नाव झालं, आता पैसा भट्टीवाल्याकडे राहणार, की शहरात डब्यावर 'कुंथलगिरी' छापून विकणाऱ्याकडे?

लक्षात घ्या, जीआय मिळालं म्हणजे प्रत्येकाला आपोआप फायदा मिळत नाही. कायद्याप्रमाणे उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करायची असते. नोंदणी चेन्नईच्या जीआय कार्यालयात होते. मानांकन १० वर्षांसाठी असतं, नंतर नूतनीकरण करावं लागतं. ज्याच्या हातात हा कागद असेल तोच नक्कलवाल्याला अडवू शकेल. सब पॉपचा करार आठवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचा माल कुठल्या गावाच्या, भागाच्या नावाने ओळखला जाऊ शकतो? एका वाक्यात लिहा. खवा, पेढा, ज्वारी, वाळवणं, शिवणकाम, काहीही.

२. गेल्या तीन महिन्यांत दोनदा किंवा जास्त वेळा आलेल्या २० गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर वहीत उतरवा. त्यातले किती जण आगाऊ पैसे देतील, ते विचारून बघा.

३. पैसे कधी येतात आणि कधी द्यावे लागतात, याच्या तारखा समोरासमोर लिहा. देण्याची तारीख आधी येत असेल तर विक्री वाढवण्याआधी ते गणित दुरुस्त करा. विक्री दुप्पट झाली की खड्डाही दुप्पट होतो.

४. तुमचा एक तोंडी व्यवहार निवडा. भागीदार, दूधवाला, वितरक, कुणीही. दर, मुदत आणि व्यवहार मोडला तर काय, या तीन ओळी कागदावर घ्या आणि दोघांच्या सह्या करा.

५. खव्याच्या धंद्यात असाल तर अधिकृत वापरकर्ता नोंदणीची चौकशी या महिन्यातच करा.

चौथा मुद्दा सगळ्यात अवघड जातो, कारण तो बोलायला संकोच वाटतो. सुरुवात कशी करायची, याचं वाक्यही देऊन ठेवतो: "दादा, विश्वास आहेच, पण उद्या आपल्या दोघांच्या पोरांना हिशोब कळायला पाहिजे, म्हणून लिहून ठेवू." हे वाक्य वापरून बघा. समोरचा काय म्हणाला ते मला कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.